हिशेबनीस आणि हुज्जत : नासिर खुस्रोचे जीवन व लेखन

अकराव्या शतकाच्या मध्यावर इस्लामी जगात खलिफापदावर हक्क सांगणारी दोन मोठी घराणी एकमेकांसमोर उभी होती. बगदादेत अब्बासी खलिफा होता. सुन्नी जगत त्याला मानत असे, पण प्रत्यक्ष सत्ता त्याच्या हातातून केव्हाच निसटलेली होती आणि आधी बुवैही व पुढे सेल्जुक तुर्क त्याच्या नावाने राज्य हाकीत होते. कैरोत फातिमी खलिफा होता. प्रेषित मुहंमदांची कन्या फातिमा आणि जावई अली यांचे वंशज म्हणवणाऱ्या या घराण्याने 909 मध्ये उत्तर आफ्रिकेत राज्य स्थापले, 969 मध्ये इजिप्त जिंकला आणि नाईलच्या काठी कैरो ही नवी राजधानी वसवली. फातिमी खलिफा हा नुसता राजा नव्हता. शिया पंथाच्या इस्माइली शाखेचा तो इमाम, म्हणजे धर्मज्ञानाचा वंशपरंपरेने वारसा लाभलेला एकमेव अधिकारी मार्गदर्शक होता. सहावे इमाम जाफर अस-सादिक 765 मध्ये वारल्यावर शियांमध्ये वारसाहक्कावरून मतभेद झाले आणि ज्यांनी त्यांचा पुत्र इस्माइल याच्या वंशात इमामपद चालत आले असे मानले, त्यांना इस्माइली हे नाव पडले. इमामाचा संदेश पोहोचवणाऱ्या त्यांच्या संघटनेला ‘दावत’ म्हणत आणि तिच्या प्रचारकाला ‘दाई’. कैरोच्या सत्तेबाहेरच्या मुलखात हे दाई बहुधा गुप्तपणे वावरत, कारण सुन्नी सुलतानांच्या राज्यात इस्माइली ठरणे जिवावर बेतत असे. गझनीच्या महमुदाला भारतीय वाचक सोमनाथच्या स्वारीमुळे ओळखतो; त्याच महमुदाने त्यापूर्वी मुलतानच्या इस्माइली राज्यकर्त्यांवर चाल करून ते राज्य बुडवले होते.

महमुदाच्या दरबारात ज्याने तरुणपणी पाऊल ठेवले आणि उतारवयात ज्याला इस्माइली म्हणून देशोधडीला लागावे लागले, तो अबू मुईन नासिर इब्न खुस्रो हिजरी 394 मध्ये, म्हणजे इ. स. 1004 मध्ये कुबादियान येथे जन्मला. हे गाव आमू नदीच्या उत्तरेस, आजच्या ताजिकिस्तानच्या दक्षिण भागात येते. त्या काळी ते बल्खच्या टापूत मोडत असे. घराणे जमीनजुमला राखून असलेले आणि सरकारी चाकरीत मुरलेले होते. थोरला भाऊ अब्दुल जलील खुरासानच्या वजिराच्या पदरी होता, आणि नासिरही राज्याच्या दफ्तरात, वसुली व जमाखर्चाच्या खात्यात अधिकारी म्हणून लागला. 1040 मध्ये दंदानकानच्या लढाईत सेल्जुकांनी महमुदाचा पुत्र मसूद याचा मोड केला आणि खुरासान गझनवींच्या हातून गेला; पण राज्य पालटले तरी दफ्तर पालटत नाही, या नियमाने नासिर मर्व शहरात सेल्जुक अमीर चघरी बेग याच्या राजवटीत त्याच कामावर राहिला. नव्या तुर्क धन्यांना लढता येत होते, सारा बसवता आणि वसूल करता येत नव्हता. त्यासाठी त्यांना फारसी लिहिणाऱ्या, हिशेबात पक्क्या अशा जुन्या घराण्यांवाचून गत्यंतर नव्हते.

हा दफ्तरातला माणूस विद्येत मात्र दफ्तरापुरता नव्हता. अंकगणित, युक्लिडची भूमिती, ग्रहगणित, वैद्यक, अरबीत उतरलेले ग्रीक तत्त्वज्ञान आणि निरनिराळ्या धर्मांचे व पंथांचे सिद्धान्त त्याने अभ्यासले होते. अंकगणितावर त्याने एक ग्रंथही लिहिला होता, तो आज उपलब्ध नाही. त्याच्या कवितेत, प्रवासवर्णनात आणि तत्त्वचर्चेतही हिशेबनिसाची नजर सारखी जाणवते. वस्तू मोजल्याखेरीज त्याला चैन पडत नाही आणि ज्याला बेरीज येत नाही अशा पंडिताबद्दल त्याला तिळमात्र आदर वाटत नाही. नासिरच्या चरित्राची संगती लावताना अभ्यासकांनी त्याच्या धर्मांतरावर भर दिला हे योग्यच आहे; पण धर्म बदलला तरी त्याच्या बुद्धीची घडण बदलली नाही, आणि त्याचे सारे लेखन समजून घ्यायचे तर ही घडण आधी ध्यानात घ्यावी लागते.

त्याच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती वयाच्या चाळिशीत. हिजरी 437 च्या सुमारास, म्हणजे 1045 च्या अखेरीस, तो सरकारी कामासाठी मर्वहून फिरतीवर निघाला असता जुझजानान प्रांतात सुमारे महिनाभर मुक्काम करून राहिला आणि या काळात आपण सतत मद्य पीत होतो अशी कबुली त्याने स्वतःच दिली आहे. तेथे एका रात्री त्याला स्वप्न पडले. बुद्धी हरवणाऱ्या या पेयाचे सेवन किती काळ चालणार, असे स्वप्नातल्या पुरुषाने विचारले. जगाचे दुःख हलके करायला शहाण्यांना याहून दुसरे काही सापडले नाही, या नासिरच्या उत्तरावर त्याने सुनावले की शुद्ध हरपणे म्हणजे दुःख हलके होणे नव्हे, आणि जाता जाता किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेकडे बोट दाखवले. जागे झाल्यावर नासिरने ठरवले की कालच्या झोपेतून उठलो तसे चाळीस वर्षांच्या झोपेतूनही उठले पाहिजे. मर्वला परतून त्याने नोकरीचा राजीनामा दिला, हिशेब चुकता केला आणि मार्च 1046 मध्ये धाकटा भाऊ अबू सईद आणि एक भारतीय गुलाम पोरगा यांना बरोबर घेऊन तो निघाला. या पोराचे नावही प्रवासवर्णनात नाही. एवढ्या प्रदीर्घ प्रवासाला निघालेल्या या भारतीयाची इतिहासातली नोंद तेवढ्यावरच संपते.

स्वप्नाची ही हकीकत जशीच्या तशी घ्यावी काय, याबद्दल विद्वानांना शंका आहे आणि ती रास्त आहे. आपल्या एका दीर्घ कसीद्यात, म्हणजे एकाच यमकात बांधलेल्या लांब कवितेत, नासिरने याच काळाची दुसरीच हकीकत सांगितली आहे. तीत स्वप्न नाही, मद्य नाही. धर्माच्या आज्ञांमागचे कारण काय, हा प्रश्न घेऊन तो पंथोपंथीच्या आणि धर्मोधर्मीच्या विद्वानांच्या दारी हिंडतो, ‘का’ असे विचारताच जो तो हात झटकतो, आणि अखेर एका नगराच्या दारी त्याला एक वैद्य भेटतो. तो त्याच्या दुखण्यावर औषध देण्याचे कबूल करतो, पण आधी शपथ घालून तोंड बंद ठेवायला लावतो. हे नगर म्हणजे कैरो आणि वैद्य म्हणजे इस्माइली दावतीतला अधिकारी गुरू, याविषयी फारसा वाद नाही. दोन्ही हकीकती एकाच माणसाने लिहिल्या. एक सर्वांसाठी, दुसरी आतल्या माणसांसाठी. जाहिर म्हणजे उघड अर्थ आणि बातिन म्हणजे आतला अर्थ हा भेद इस्माइली विचाराचा पायाच आहे, आणि नासिरने आपले चरित्रही बहुधा याच दुहेरी पद्धतीने मांडले.

‘सफरनामा’ या त्याच्या प्रवासवर्णनात हिशेबनीस जागोजाग उघडपणे भेटतो. निशापूरहून पश्चिमेला जाताना सिमनान गावी त्याने एका शिक्षकाची कीर्ती ऐकली. हे गृहस्थ युक्लिड, वैद्यक आणि गणित शिकवीत आणि बोलण्याच्या ओघात आपण हे थोर वैद्य-तत्त्वज्ञ इब्न सिनापाशी असे शिकलो, तसे ऐकले, असे वरचेवर बजावीत. नासिरने त्यांना हिशेबातले काही विचारताच त्यांनी आपल्याला त्यातले काही कळत नाही, शिकायची इच्छा मात्र आहे, असे सांगितले. ज्याला स्वतःलाच काही येत नाही तो दुसऱ्याला काय शिकवणार, एवढी टीप टाकून नासिर पुढे गेला. तब्रिझला कवी कतरान भेटला. त्याच्या कवितेला नासिर चांगली म्हणतो, पण लगेच त्याचे फारसी तितकेसे पक्के नसल्याचेही नोंदवतो. सिरियातील मआर्रत अन-नुमान गावी त्या काळचा थोर अरबी कवी अबुल अला अल-मआर्री राहत होता. हा अंध कवी गावाचा जणू प्रमुख असून सारे गाव त्याच्या शब्दात आहे, पण स्वतः तो जाडेभरडे वस्त्र पांघरून घरात बसतो आणि जवाच्या भाकरीपलीकडे काही खात नाही, असे नासिरने लिहिले. धर्मावर तिखट शंका घेणारा म्हणून मआर्रीवर शिंतोडे उडत असत. नासिर त्याचा निवाडा न करता त्याच्या भाकरीचे वजन तेवढे देतो.

5 मार्च 1047 रोजी तो जेरुसलेमला पोहोचला. तेथील पवित्र आवाराची लांबीरुंदी त्याला हवी होती, पण इमारतींच्या दाटीत अंदाज लागेना. अखेर एका कमानीवरच्या शिलालेखात 704 गज लांबी आणि 455 गज रुंदी असे माप त्याला वाचायला मिळाले आणि त्याने ते टिपून घेतले. हेब्रॉनमध्ये इब्राहिमच्या समाधीपाशी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला भाकरी, जैतुनाच्या तेलात शिजवलेली मसूर आणि मनुका मिळतात, आणि एखाद्या दिवशी अशा पाहुण्यांची संख्या 500 पर्यंत जाते, हेही त्याने लिहून ठेवले. तेथून मक्केची यात्रा करून, जेरुसलेमला परतून, ऑगस्ट 1047 मध्ये तो कैरोत आला. या शहरात तो सुमारे तीन वर्षे राहिला.

कैरोचे त्याचे वर्णन हा त्या काळच्या इजिप्तच्या इतिहासाचा पहिल्या प्रतीचा पुरावा मानला जातो. शहरातली 20 हजारांवर दुकाने सुलतानाच्या मालकीची असून त्यांचे भाडे महिन्याला 2 ते 10 दिनार आहे, असे तो लिहितो. जुन्या शहरात, म्हणजे फुस्तातमध्ये, सात-सात मजल्यांची आणि काही तर चौदा मजल्यांची घरे असल्याचे तो सांगतो. एका सातमजली इमारतीच्या गच्चीवर कुणी बाग केली होती, तेथे वासरू असतानाच वर नेलेला बैल मोठा होऊन रहाट ओढीत असे आणि वर संत्री, केळी लागत. हे त्याने स्वतः पाहिले की ऐकले याबद्दल तो सावध आहे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून सांगण्याची त्याची रीत आहे. फुस्तातची मातीची भांडी इतकी पातळ, की बाहेर धरलेला हात आतून दिसावा. वाणी, अत्तरवाले आणि किरकोळ विक्रेते गिऱ्हाइकाला माल बांधून द्यायला भांडे किंवा कागद स्वतःच पुरवतात, त्यामुळे घरून पिशवी न्यावी लागत नाही. दुकानदार खोटे बोलून गिऱ्हाइकाला फसवताना सापडला तर त्याला उंटावर बसवून, हातात घंटा देऊन गावभर फिरवतात आणि आपला गुन्हा त्याला स्वतःच ओरडून सांगावा लागतो. कर आणि वसुलीच्या जगात आयुष्य काढलेल्या माणसाला हे सारे विशेष वाटावे, यात नवल नाही. प्रजेला आपले धन लपवावे लागत नाही, जवाहिऱ्यांच्या दुकानांना कुलूप नसते, ही गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगतो, आणि खुरासानच्या लुटालुटीच्या पार्श्वभूमीवर ती वाचली म्हणजे तिचा रोख कळतो.

खलिफा अल-मुस्तन्सिर याचे त्याने घडवलेले दर्शनही असेच आहे. नाईलचे पाणी ठरावीक उंचीला पोहोचले की कालव्याचा बांध फोडण्याचा राजसमारंभ होत असे. नासिर आधी सैन्य मोजतो: मगरिबचे कुतामा टोळीचे 20 हजार स्वार, मसमुदी 20 हजार, आणि असेच आणखी कितीतरी. मग जरीच्या झुली, सोन्याचे खोगीर, रत्ने जडवलेला पोशाख केलेला छत्रधारी. आणि या साऱ्या थाटात मध्ये खेचरावर बसलेला, दाढी काढलेला, देखणा तरुण, अंगात साधे पांढरे वस्त्र, खेचराच्या लगामाला सोन्याचांदीचा लवलेशही नाही, तोच खलिफा. महमूद आणि मसूद यांचे दरबार आपण पाहिले आहेत, ते मोठे वैभवशाली राजे होते, आता इथला दरबारही पाहायचा आहे, असे ओळखीच्या एका अधिकाऱ्याला सांगून त्याने ईदच्या मेजवानीची दालने आतून पाहिली. सुलतानाच्या पंक्तीला 50 हजार मण साखर लागते (तिकडचा मण आपल्याकडच्या मणापेक्षा बराच लहान) आणि साखरेचे अख्खे संत्र्याचे झाड उभारलेले आहे, ही नोंद तेथलीच.

एवढे सारे सांगणारा हा लेखक कैरोत आपण कशासाठी आलो, कोणापाशी काय शिकलो, याबद्दल सफरनाम्यात चकार शब्द काढत नाही. त्या वर्षांत कैरोत शिराझचा मुअय्यद फिद्दीन हा दावतीतला प्रकांड पंडित आणि अरबी कवी होता, जो पुढे मुख्य दाई झाला. नासिरने आपल्या कवितेत त्याला गुरूचा मान दिला आहे. सफरनाम्यात त्याचे नावही नाही. आज हाती असलेली सफरनाम्याची संहिता नंतर कुणा सुन्नी लेखकाने काटछाट केलेली असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे आणि ते अगदीच निराधार नाही. तरीही या मौनाचा मोठा भाग नासिरचा स्वतःचाच असावा असे वाटते. ज्याने शपथ घेतली होती आणि ज्याला सेल्जुकांच्या मुलखात परत जायचे होते, त्याने दुकानांचे भाडे लिहिले आणि गुरूचे नाव गाळले, तर ते समजण्याजोगे आहे.

कैरोतून निघताना तो दावतीचा मोठा अधिकारी झाला होता. इस्माइली श्रेणीत ‘हुज्जत’ म्हणजे प्रमाण, इमामाच्या सत्यतेचा जिवंत पुरावा. एकेका मोठ्या प्रांतातील दावतीच्या प्रमुखाला ही पदवी असे आणि नासिरकडे खुरासान आला. पुढे कवितेत त्याने ‘हुज्जत’ हेच टोपणनाव लावले. मे 1050 मध्ये कैरो सोडून अस्वान आणि तांबड्या समुद्रावरचे ऐधाब बंदर या वाटेने तो पुन्हा मक्केला गेला. एकूण चार वेळा त्याची हजयात्रा घडली. तेथून घरची वाट त्याने धरली ती थेट अरबस्तानचे वाळवंट ओलांडून, आणि सफरनाम्यातला सर्वांत वाचनीय भाग येथे सुरू होतो.

वाळवंटातल्या फलज नावाच्या वस्तीत तो चार महिने अडकून पडला. जवळ पैसा नाही, पुस्तकांच्या दोन टोपल्या मात्र आहेत. आणि भोवती भुकेली, उघडीवाघडी, सदा आपसांत लढणारी माणसे, ज्यांना पुस्तकाशी कर्तव्य नाही. त्याच्यापाशी थोडा हिंगूळ आणि निळा रंग होता. मशिदीच्या भिंतीवर त्याने एक ओळ लिहून भोवती पानेफुले काढली, ती पाहायला सारी वस्ती लोटली, आणि मिहराब म्हणजे किब्ला दाखवणारा कोनाडा रंगवून दिलास तर 100 मण खजूर देऊ असा करार झाला. त्या मुलखात 100 मण खजूर ही दौलत होती. एका अरबी टोळीने 500 मण मागितले तेव्हा तेवढ्यासाठी गावकरी लढून मेले पण खजूर दिला नाही, असे तो सांगतो. सेल्जुक दफ्तरातला अधिकारी, फातिमी इमामाचा हुज्जत, भिंत रंगवून पोट भरत होता, आणि हे लिहिताना त्याच्या लेखणीत कण्हणे अजिबात नाही.

पुढे लहसा येथे त्याने कर्मती लोकांचे राज्य पाहिले. कर्मती हे मूळ इस्माइलीच, पण फातिमींचे इमामपद न मानणारे. तेथे सहा जणांचे मंडळ राज्य चालवीत होते, शेतीवर 30 हजार हबशी गुलाम राबत होते, प्रजेला कर नव्हता, अडलेल्याला बिनव्याजी कर्ज मिळे, धान्य दळून देणाऱ्या सरकारी गिरण्या फुकट होत्या आणि व्यवहार शिशाच्या मुद्रांवर चाले. जुम्याची मशीद नव्हती. संस्थापकाच्या कबरीच्या दाराशी मात्र तो परत येईल या श्रद्धेने खोगीर घातलेला घोडा सतत उभा असे. नासिर पंथाने त्यांचा विरोधक. तरी जमेच्या बाजूला जे दिसले ते जमेला आणि खर्चाच्या बाजूला जे दिसले ते खर्ची टाकून तो मोकळा होतो.

डिसेंबर 1051 मध्ये दोघे भाऊ बसऱ्याला पोहोचले तेव्हा त्यांच्या अंगावर चिंध्या होत्या आणि तीन महिने केस विंचरलेले नव्हते. अंघोळ करावी म्हणून पुस्तकांची पिशवी विकून आलेले थोडे सुटे नाणे कागदात बांधून ते हमामात, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात गेले, तर वेडे समजून तिथल्या माणसाने त्यांना हाकलले आणि पोरांनी मागून दगड मारले. मग एका विद्वान इराण्याच्या ओळखीने अहवाझच्या वजिराकडून वस्त्रे आणि पैसे मिळाले. काही दिवसांनी दोघे त्याच हमामात गेले, तेव्हा सारे जण उठून उभे राहिले आणि आत अंग चोळणारे कुजबुजू लागले की त्या दिवशी आत येऊ दिले नव्हते ते हेच. त्यांना वाटले होते की आपली भाषा या परक्यांना कळणार नाही. नासिरने अरबीतच उत्तर दिले की होय, पाठीवर गोणपाटे बांधून आलो होतो ते आम्हीच. बोलणारा माणूस ओशाळून माफी मागू लागला.

23 ऑक्टोबर 1052 रोजी ते बल्खला पोहोचले आणि थोरल्या भावाची भेट झाली. नासिरने लगेच बेरीज मांडली: आडवाटेच्या फेऱ्या सोडून 2,220 फरसख. एक फरसख साधारण सहा किलोमीटर धरल्यास हे अंतर 13 हजार किलोमीटरच्या वर भरते. पूर्वेकडचा प्रवास घडल्यास तोही याला जोडीन, असे आश्वासन त्याने शेवटी दिले. ते पुरे करण्याची वेळ आली नाही.

बल्खला राहून नासिरने दावतीचे काम उघड म्हणावे इतक्या धीटपणे सुरू केले आणि काही वर्षांतच सुन्नी उलेमा, सेल्जुक अधिकारी आणि जमाव असे तिघेही त्याच्या विरुद्ध उठले. धर्मभ्रष्ट, पाखंडी असे शिक्के बसले, घरावर हल्ला झाला आणि त्याला गाव सोडावे लागले. काही काळ तो कॅस्पियन समुद्राकाठच्या माझंदरानकडे गेला असावा; शेवटी आश्रय मिळाला तो बदख्शानच्या डोंगरात, कोकचा नदीच्या खोऱ्यातील युमगान या दुर्गम जागी. तेथला अमीर अली इब्न असद स्वतः इस्माइली आणि जाणता होता. उरलेले आयुष्य, पंधरा वर्षांहून अधिक काळ, नासिरने तेथे काढले.

त्याची बहुतेक महत्त्वाची ग्रंथरचना याच डोंगरांतली आहे. ‘झादुल मुसाफिरीन’ म्हणजे वाटसरूंची शिदोरी हा ग्रंथ त्याने 1061 मध्ये पुरा केला. वाटसरू म्हणजे जन्मातून मृत्यूकडे निघालेला जीव आणि शिदोरी म्हणजे ज्ञान. ईश्वर सर्व वर्णनांपलीकडचा. त्याच्या आज्ञेने प्रथम विश्वबुद्धी झाली, तिच्यापासून विश्वात्मा. विश्वात्म्याला आपल्यातील उणीव जाणवली आणि ती भरून काढण्याच्या ओढीतून गती, काळ आणि ही सृष्टी निर्माण झाली, अशी नवप्लेटोवादी वळणाची मांडणी इस्माइली दार्शनिकांनी केली होती. नासिर ती पायरीपायरीने, इंद्रियांपासून आरंभ करून सिद्ध करीत जातो. प्रतिपक्षाचे म्हणणे खोडण्याआधी ते पूर्णपणे मांडण्याची त्याची शिस्त इतकी कडक आहे, की वैद्य आणि तत्त्वज्ञ अबू बक्र अर-राझी याचे ईश्वर, आत्मा, द्रव्य, अवकाश आणि काळ ही पाच तत्त्वे अनादी मानणारे मत मूळ ग्रंथ हरवल्यावरही आज कळते ते बऱ्याच अंशी नासिरच्या खंडनातून. ‘वज्हे दीन’मध्ये त्याने नमाज, रोजा, जकात, हज या आज्ञांचा ‘तावील’, म्हणजे उघड शब्दाकडून मूळ अर्थाकडे नेणारा उलगडा दिला. मात्र आतला अर्थ कळला म्हणून बाहेरचा आचार सुटतो, हे त्याला मान्य नव्हते. ‘गुशायिश व रहायिश’मध्ये तीस प्रश्नांची उत्तरे आहेत. 1070 मध्ये अमीर अली इब्न असद याने अबुल हैसम गुर्गानी या जुन्या इस्माइली कवीचा प्रश्नांनी भरलेला कसीदा लिहून पाठवला आणि त्याचे विवरण मागितले. त्यातून ‘जामिउल हिक्मतैन’, दोन ज्ञानांचा मेळ घालणारा ग्रंथ, झाला. ही दोन ज्ञाने म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञान आणि इमामांची धर्मविद्या. तत्त्वज्ञ म्हणतात धर्म खोटा, धर्मशास्त्री म्हणतात तत्त्वज्ञान पाखंड, आणि या भांडणात दोन्ही बुडाले, हे त्याचे निदान आहे.

हे सारे लेखन फारसीत आहे. त्या काळी विद्येची भाषा अरबी होती. इब्न सिनाने फारसीत एक तत्त्वज्ञानाचा ग्रंथ लिहिला तो अपवाद म्हणूनच. नासिरचे अरबीवर उत्तम प्रभुत्व असूनही त्याने डोंगरातल्या श्रोत्यांना कळेल ती भाषा धरली आणि कारण, गती, द्रव्य, काळ यांसारख्या कल्पना सांगताना शक्य तेथे देशी शब्द वापरले. फारसी गद्याच्या इतिहासात त्याचे स्थान यामुळे पक्के झाले.

कवी म्हणून तो या भाषेतल्या पहिल्या पंगतीत बसतो, पण दरबारी कवींच्या शेजारी बसायला तो तयार नव्हता. महमुदाची स्तुती गाणाऱ्या उन्सुरीला त्याने कवितेत नाव घेऊन धारेवर धरले. प्रेयसीचे केस, मद्याचा पेला, राजाची तलवार हे ठराविक विषय त्याच्या दिवाणात, म्हणजे कवितासंग्रहात, जवळजवळ नाहीत. आहे ती बुद्धीची थोरवी, शरीराच्या तुरुंगाची जाणीव, आकाशाची आणि वसंताची ठसठशीत वर्णने, आणि युमगानच्या एकांताचा संताप. खुरासानकडे जाणाऱ्या वाऱ्याशी तो बोलतो, तुर्कांच्या हाती गेलेल्या मुलखाबद्दल हळहळतो, लाच खाणाऱ्या काझींना शिव्या मोजतो. सफरनाम्यात चिंध्या नेसून दगड खाताना न कण्हणारा माणूस येथे मात्र सतत कण्हतो, आणि खरे सांगायचे तर कधीकधी अति कण्हतो. गद्यात त्याने जे खर्ची टाकले नाही ते सारे पद्यात टाकले आहे.

तो युमगानात असताना, ज्या कैरोच्या सुबत्तेची त्याने एवढी तोंड भरून नोंद केली होती, ती कोसळली. 1065 पासून सात वर्षे नाईलचे पाणी कमी चढले, दुष्काळ आणि साथी आल्या, पगार थकलेल्या तुर्क शिपायांनी राजवाडा आणि ग्रंथालये लुटली, आणि अखेर खलिफाला आर्मेनियन सेनापती बद्र अल-जमालीच्या हाती कारभार द्यावा लागला. नासिर 1077 च्या सुमारास युमगानातच वारला. कबरीभोवती आज हजरत सय्यद नावाचे गाव आहे. मागे दंतकथा उरल्या. तेराव्या शतकातील भूगोललेखक झकरिया कझ्विनी तर त्याला बल्खचा राजाच करून टाकतो, जो युमगानात पळून जाऊन अद्भुत बागा आणि हमाम बांधतो.

1094 मध्ये मुस्तन्सिर वारल्यावर इस्माइली निझार आणि मुस्तअली या त्याच्या दोन पुत्रांच्या पक्षांत विभागले. मुंबईत आज शेजारीशेजारी नांदणारे खोजे आणि बोहरे अनुक्रमे याच दोन शाखांचे. मुस्तन्सिरला मात्र दोघेही आपला इमाम मानतात. बोहऱ्यांच्या परंपरेने मुअय्यदची अरबी प्रवचने जपली. बदख्शान निझारी झाले आणि तेथील, तसेच पामिर, चित्राल व हुंझा खोऱ्यांतील इस्माइलींनी ‘पीर शाह नासिर’ म्हणून गुरू मानून त्याचे फारसी ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या हातांनी उतरवून ठेवले; मृताच्या घरी दिवा लावून म्हटला जाणारा ‘चिराग-ए-रौशन’ हा त्यांचा विधीही त्याच्याच नावावर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियन अभ्यासकांच्या हाती पामिरच्या शुघनान भागातून ही हस्तलिखिते लागू लागली. रशियन क्रांतीनंतर भारतात आलेल्या व्लादिमीर इवानोव याने मुंबईला आपले कार्यक्षेत्र केले, 1935 मध्ये येथूनच नासिरच्या नावे चालणारा ‘कलामे पीर’ छापला आणि तो नासिरचा नसून कित्येक शतकांनंतरचा असल्याचे दाखवले. नासिर आणि इस्माइली पंथ यांवरील त्याचा ग्रंथही 1948 मध्ये मुंबईतच निघाला. सफरनामा शार्ल शेफेरने फ्रेंच भाषांतरासह 1881 मध्ये पॅरिसला छापला होता, त्यामुळे प्रवासी नासिर जगाला आधी कळला. ‘जामिउल हिक्मतैन’ आंरी कोर्बें आणि मुहंमद मुईन यांनी संपादून 1953 मध्ये प्रसिद्ध केला, लिहिल्यानंतर 883 वर्षांनी.